डेमियन माया नक्की कुठे भारी होता आणि कुठे कच्चा?

मांजलपूरचा_पठ्ठा

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा. शाळेपासून कुस्ती केली, जिल्ह्यापर्यंत खेळलो, आता एमएमएच्या (ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या मिश्र मारामारीच्या) क्लासला जातो. कोच म्हणाले, तुझा पाया कुस्तीचा आहे तर यूएफसी या एमएमएच्या मोठ्या स्पर्धेत लढलेल्या डेमियन मायाच्या लढती बसून बघ. माया ब्राझीलचा, जिऊ-जित्सूवाला, म्हणजे जमिनीवर धरून गळा किंवा सांधे आवळणारा. बघितल्या, आणि होता त्याहून जास्त गोंधळ झाला.

२७ ऑगस्ट २०१६, व्हँकुव्हर. समोर कार्लोस कॉन्डिट, म्हणजे त्याच जानेवारीत विजेतेपदाची लढत अगदी थोडक्यात हरलेला माणूस. मायाने पाय धरला, खाली नेलं, पाठीवर गेला आणि गळा आवळला. १ मिनिट ५२ सेकंद. कॉन्डिटला हात उचलायची संधीच मिळाली नाही.

आता २९ जुलै २०१७, यूएफसी २१४. समोर विजेता टायरन वुडली, विजेतेपदासाठी पाच राउंड. मायाने वीसहून जास्त वेळा टेकडाउनचा, म्हणजे त्याला खाली पाडण्याचा, प्रयत्न केला, एकही लागला नाही. डोळा सुजला, प्रेक्षक ओरडत होते, आणि हा पुन्हा पुन्हा त्याच पायाकडे जात होता. शेजारी बसलेला माझा गुजराती मित्र म्हणाला, ‘आ भाई तो सुईने लडे छे.’ म्हणजे, हा भाऊ तर झोपून लढतोय.

अकरा महिन्यांत त्याच माणसाचं असं कसं झालं? त्याचं खरं बळ काय आणि खरी दुबळी बाजू काय? ‘ग्राउंड भारी, स्ट्रायकिंग (ठोसे-लाथा) कच्चं’ एवढं मलाही दिसतं. त्याच्या पुढचं कोणी सांगेल का?

---

अलकापुरी_एक्सप्रेस

वय, भाऊ. वुडलीशी लढला तेव्हा ३९ वर्षांचा होता, आणि मास्विडालशी तीन राउंड खेळून जेमतेम अडीच महिने झाले होते. पाच राउंडच्या लढतीला एवढी तयारी पुरत नाही. विषय संपला.

---

दांडियाबाजारचे_काका

विषय संपत नाही, सुरू होतो. कॉन्डिटचा गळा आवळला तेव्हा माया ३८ चा होता. अकरा महिन्यांत कोणी म्हातारा होत नाही. आणि वुडलीनंतर दोन वर्षांनी, बेचाळिशीला टेकलेला असताना, सिंगापूरला त्याने बेन ऍस्क्रेनचा गळा तिसऱ्या राउंडला आवळला. ऍस्क्रेन कोण? अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीचा दोनदा राष्ट्रीय विजेता, बीजिंग ऑलिम्पिक खेळलेला. ते नाव लक्षात ठेव, खाली पुन्हा येणार आहे.

माझं सांगायचं तर तरुणपणी लाल मातीत पुष्कळ लोळलो. बडोद्याच्या आखाड्यातले जुने वस्ताद जुम्मादादा आणि प्रोफेसर माणिकराव यांच्या गोष्टी ऐकत मोठा झालो. आता निवृत्त. रविवारी सकाळी साडेसातला चहा घेऊन भाच्याच्या लॅपटॉपसमोर बसतो, कारण अमेरिकेतली शनिवारची रात्र आपल्याकडे तेव्हाच पडद्यावर येते. कानात वायर असते, म्हणून घरी सगळ्यांना वाटतं काका अभंग ऐकताहेत. असो.

पठ्ठ्या, मायाचं बळ ‘जिऊ-जित्सू’ एका शब्दात उरकू नकोस. काळ्या पट्ट्याचे लोक केजमध्ये (लढतीच्या जाळीच्या पिंजऱ्यात) ढिगाने आले आणि मार खाऊन गेले. माया २००७ साली एडीसीसीचा, म्हणजे ठोशांशिवाय नुसत्या पकडींच्या मोठ्या स्पर्धेचा, विजेता होता हे खरं, पण तो किताब असलेले इतरही होते. याचं वेगळेपण असं की याचा डाव फसतच नसे. फसला की तिथूनच पुढचा निघे.

नीट बघ. तो एकेरी पटात शिरतो, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरायला जातो. समोरचा काय करतो? तू आणि मी जे शिकलो तेच. पाय मागे फेकतो, कंबर खाली टाकतो, सगळा भार पाठीवर देतो. आपल्याकडे इथे पट अडला, सुटायचं, उभं राहायचं, पुन्हा खडाखडी. माया सुटत नाही. भार अंगावर घेऊन तो तसाच खाली बसतो, समोरच्याचा एक पाय आपल्या दोन पायांत अडकवतो, काखेतून हात घालतो आणि बगलेतून मागच्या बाजूला निघतो. भार देणाऱ्याला वाटत असतं, मी वर आहे, मी जिंकतोय. दोन श्वासांत हा त्याच्या पाठीवर असतो.

पुढचं तर तुझ्या पोटात गोळा आणणारं आहे. कुस्तीत आपली सगळी भीती एकच, दोन्ही खांदे टेकायची. म्हणून खाली आलो की आपण पालथे होतो. मान आत, हातपाय पसरलेले, हलवून दाखव म्हणावं. वर्षानुवर्षं वस्तादांनी ते हाडात मुरवलेलं असतं. आणि मायाला नेमकं तेच हवं असतं. त्याला तुझे खांदे नकोत, तुझी पाठ हवी. तू पालथा झालास की तो कब्जा घेतो, कमरेभोवती एक पाय फिरवून दुसऱ्या गुडघ्यामागे अडकवतो. सवारी भरायची माहिती असेल तर हे लगेच समजेल, फरक एवढाच की आपण सवारीतून चीत करायला बघतो आणि हा दोन्ही हात गळ्यासाठी मोकळे ठेवतो. त्या पायांच्या कुलपातून फार थोडे निसटले.

म्हणून कुस्तीगीर त्याच्यासमोर सुरक्षित, हे कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. फेब्रुवारी २०१३ ची जॉन फिचशी झालेली लढत काढ. फिच पर्ड्यू विद्यापीठाचा कुस्तीगीर, आयुष्यभर दुसऱ्यांना खाली दाबून जिंकलेला. मायाने तीन राउंड त्याला नुसता पाठीवर बसून थकवला. गळा मिळाला नाही, गुणांवर निकाल लागला, पण फिचसारख्याची अशी अवस्था त्याआधी मी पाहिली नव्हती. कॉन्डिटची लढत सगळे दाखवतात. मला विचारशील तर मायाची खरी कमाल फिचसमोर दिसते.

आता वुडली. हा मिझुरी विद्यापीठाचा. ऍस्क्रेनसुद्धा मिझुरीचाच, दोघे एकाच हॉलमध्ये घाम गाळलेले. एकाने मायाचे सगळे पट अडवले, दुसऱ्याचा गळा गेला. कुस्ती म्हणून मोजली तर ऍस्क्रेनचं नाव मोठं. मग असं का?

कारण ऍस्क्रेनला खाली यायला आवडतं. त्याची सगळी करामत गोंधळात. कोण वर, कोण खाली, कोणाचा पाय कुणाच्या हातात कळत नाही आणि त्यातून तो निघतो. मायासमोर तो त्याच गोंधळात आपणहून शिरला. वुडलीने दर वेळी पट अडवला आणि तिथेच थांबला. डोकं खाली ढकललं, काखेत हात घालून पाय सोडवला, दोन पावलं मागे. माया खाली बसून ‘ये’ म्हणतोय आणि हा येतच नाही. रेफरी मायाला उभं करतो. पुन्हा पहिल्यापासून. लोक ओरडले, कंटाळा आला, पण वुडलीने गृहपाठ चोख केला होता. तीनही पंचांनी त्यालाच लढत दिली.

तर मायाची दुबळी बाजू ही. त्याची साखळी भारी, पण दुसरी कडी समोरच्याने जोडायची असते. पट अडवून वरून भार देत राहणारा मायाला पाठ देतो. पट अडवून निघून जाणारा त्याला काहीच देत नाही. वुडलीनंतरचे दोन प्रतिस्पर्धी, कोविंग्टन आणि उस्मान, यांनी त्याला हरवलं ते याच रस्त्याने. ऑक्टोबर २०१७ ला खुद्द साओ पावलोमध्ये, घरच्या लोकांसमोर. मग मे २०१८ ला चिलीत.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. आपल्याकडे चीत झाली की कुस्ती संपली. तिथे तू पाच मिनिटं पाठीवर बसलास तरी घंटा वाजली की दोघे उभे. पुन्हा अंतर, पुन्हा पाय शोधणं. ज्याचं सगळं काम जमिनीवर, त्याला हा दंड दर राउंडला भरावा लागतो. मार्च २०१५ ला रिओमध्ये रायन लाफ्लेअरशी पाच राउंड झाले. चार राउंड मायाची एकहाती सत्ता, आणि पाचव्यात इतका थकला की नुसता खाली बसत होता. रेफरीने एक गुण कापला. जिंकला, पण तेव्हाच दिसलं होतं की पाच राउंडमध्ये पट लागले नाहीत तर याचं काय होईल. दर फसलेला पट दम खातो. लागलेला पट दम परत देतो, कारण मग तो वर बसून श्वास घेतो. वुडलीसमोर एकदाही बसायला मिळालं नाही.

जाता जाता, मिश्र मारामारी काही अमेरिकेतून आलेली नाही. आपल्या या बडोद्यात खंडेराव महाराजांच्या दरबारी जेठी मल्ल मुठीत शिंगाची वज्रमुष्टी धरून लढायचे, कुस्तीसकट. तिथे खाली बसून ‘ये’ म्हणणाऱ्याचं काय झालं असतं याची मला उत्सुकता आहे.

---

फतेहगंज_साउथपॉ

काका, लिहिलंय झकास, पण मी बॉक्सिंगवाला, मला शेवट पटत नाही. तुम्ही म्हणता वुडली निघून गेला. तो निघून जाऊ शकला कारण मायाचे हात त्याला थांबवत नव्हते.

जुना विजेता सेंट पिएर, त्याचा टेकडाउन बघा. आधी जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), पुन्हा जॅब, समोरचा तोंड झाकायला हात वर करतो आणि तेवढ्यात हा कमरेखाली. समोरच्याला दोन भीती असतात, म्हणून एकीत फसतो. मायासमोर भीती एकच. वुडलीला तोंडाची काळजी नव्हती, त्याने पूर्ण वेळ नजर आणि कंबर पटासाठीच ठेवली. उलट वुडलीच्या उजव्या हाताची भीती मायाला, म्हणून तो लांबून शिरायचा. लांबून येणारा पट शाळकरी पोरालाही दिसतो.

आणि गंमत म्हणजे मायाचे हात अगदीच टाकाऊ नव्हते. डावखुरा, सरळ डावा बरा पडायचा. कोविंग्टनच्या लढतीतला पहिला राउंड बघा, तो डावा चांगला लागत होता. पण ठोसा वेगळा, पट वेगळा. एकातून दुसरा कधी निघालाच नाही.

---

दांडियाबाजारचे_काका

साउथपॉ, हात असते तर बरं झालं असतं, याला नाही कोण म्हणेल? पण तो प्रयोग त्याने करून पाहिला होता. ऑगस्ट २००९ ला नेट मार्क्वार्टने २१ सेकंदांत झोपवला. त्याआधी सलग पाच जणांचे गळे-हात आवळून आलेला माणूस, पहिल्यांदाच हरला तो असा. साहजिक आहे, त्यानंतर बॉक्सिंगच्या मागे लागला. मग २०१० ते जानेवारी २०१२ हा काळ बघ. मार्क मुन्योझ, क्रिस वाइडमन, दोघांशी उभ्या उभ्या रेंगाळत हरला. धड बॉक्सर नाही, धड माया नाही. त्या लढती मला वुडलीच्या लढतीपेक्षा कंटाळवाण्या वाटतात.

त्यानंतर वजन ८४ किलोवरून ७७ वर आणलं आणि परत पटावर आला. पुढे सलग सात जिंकला, मास्विडालपर्यंत. म्हणजे सगळं थोडं थोडं शिकलेला माया सामान्य होता. एकच काम करणारा माया विजेतेपदाच्या लढतीपर्यंत गेला.

---

फतेहगंज_साउथपॉ

गेला, आणि तिथेच अडला ना काका! वरच्या पाच जणांत एक अस्त्र पुरत नाही. शिवाय वजन उतरवलं म्हणून समोरचे लहान मिळाले, त्याचं श्रेय कुठे? ८४ किलोत त्याला लोक उचलून बाजूला ठेवायचे. आपलं एकमत होणार नाही बहुतेक. 😀

---

ज्यूदोवाली_बडोदा

काकांचा पालथं पडण्याचा मुद्दा वाचून हसू आलं, कारण आमच्या ज्यूदोत तोच रोग आहे. फेकलं गेलं की पटकन उलटं व्हायचं, कासवासारखं अंग आवळायचं आणि रेफरीच्या ‘मात्ते’ची (थांबा म्हणण्याची) वाट बघायची. थोड्या वेळात रेफरी उभं करतोच. केजमध्ये ‘मात्ते’ कोणी म्हणत नाही. मी जिऊ-जित्सूच्या लोकांबरोबर पहिल्यांदा खेळले तेव्हा माझी मान ज्या सहजतेने त्यांना मिळायची, ते आठवलं.

वयाबद्दल थोडं बोलते, कारण पहिल्या उत्तराला सगळ्यांनी उडवून लावलंय. वय मायाच्या जमिनीवरच्या कामाला उशिरा लागलं, पण लागलं. मार्च २०२० मध्ये ब्राझिलियाला, करोनामुळे रिकाम्या स्टेडियममध्ये, गिल्बर्ट बर्न्सशी लढत झाली. माया त्याच्या पाठीवर गेला होता. आधीच्या कुठल्याही वर्षी मी म्हटलं असतं, संपलं. बर्न्स निसटला, उभा राहिला आणि पहिल्याच राउंडला माया ठोशाने पडला. बर्न्स स्वतः जिऊ-जित्सूचा मोठा खेळाडू आहे हे खरं, पण पकड पूर्वीची राहिली नव्हती हेही दिसलं. जून २०२१ ला बेलाल मुहम्मदशी शेवटची लढत, तेव्हा तो ४३ चा. त्यात पटाचा पहिला झटकाच मंद होता. अडवायला वुडली लागत नव्हता.

तरी २८ विजय, ११ पराभव, आणि हनुवटीवर मार खाऊन हरलेल्या लढती फक्त दोन. कमी मार खाल्ला म्हणूनच एवढा टिकला. हे बळ कोणी मोजत नाही. साउथपॉ, तू म्हणतोस तसा तो उभा राहून जास्त खेळला असता तर ४३ पर्यंत पोहोचला असता का?

---

अलकापुरी_एक्सप्रेस

ज्यूदोवाली ताईंचे आभार. बडोद्यात अजून न्याय शिल्लक आहे.

---

मांजलपूरचा_पठ्ठा

काका, ताई, साउथपॉ, खूप धन्यवाद. आता खरं कारण सांगतो. आमच्या क्लासला वाघोडिया रोडहून एक सर येतात, चाळिशी ओलांडलेले, माझ्याहून वजनाने हलके. जिऊ-जित्सूचे आहेत. मी त्यांचा पट दर वेळी अडवतो आणि दर वेळी काही सेकंदांत ते माझ्या पाठीवर असतात. काकांनी लिहिलं ते अगदी माझंच वर्णन आहे. भार देतो, मला वाटतं मी वर आहे, आणि मग टॅप, म्हणजे हात थोपटून हार.

गुरुवारी पुन्हा त्यांच्याशी राउंड आहेत. वुडलीसारखी माझी कंबर नाही आणि उजवा हातही नाही. मी नेमकं काय बदलू?

---

दांडियाबाजारचे_काका

वुडलीची कंबर लागत नाही, वुडलीचा संयम लागतो. पट अडवलास की तुझ्या मनात येईल, आता दाबतो. दाबायचं नाही. एका हाताने त्यांचं डोकं मांडीच्या बाहेर ढकल, दुसरा हात त्यांच्या काखेत वरून घालून उचल, आणि अडकलेला पाय मागे खेचून गोल फिर. सरळ मागे गेलास तर ते पायाबरोबर येतील. पाय सुटला की लांब हो. ते खाली बसले तर बसू दे. पोरं आजूबाजूने हसतील, ‘अरे जा ना’ म्हणतील. जायचं नाही. त्यांना उठावं लागेल, आणि उठण्यात दम जातो. चाळिशीच्या माणसाचा जास्त जातो, हे मी अनुभवाने सांगतोय.

सगळ्यात अवघड म्हणजे पालथं न होणं. खाली आलासच तर एक कुल्ला टेकव, एक हात जमिनीवर, तोंड त्यांच्याकडे. पाठ जमिनीला लागली तरी चालेल असं स्वतःला बजाव. पहिले काही दिवस चीत झाल्यासारखं वाटून लाज वाटेल. तुझ्या वस्तादांना दाखवू नकोस, एवढंच.

---

ज्यूदोवाली_बडोदा

काकांच्यात एक भर. क्लासमध्ये केज किंवा भिंत असेल तर पट अडवताना भिंतीकडे जाऊ नकोस असं बरेच जण सांगतील. मी उलट सांगेन. पाठ भिंतीला टेकलेली असली की तिच्या मागे कोणी जाऊ शकत नाही. वुडलीचा निम्मा बचाव जाळीला पाठ लावूनच झाला होता. फक्त तिथे पाय जवळ ठेवू नकोस, नाहीतर दुहेरी पट लागेल.

आणि पाठीवर आलेच, तर गळ्याकडे येणारा हात दोन्ही हातांनी धर. एकाने नाही, दोन्हींनी. पायांचं कुलूप नंतर सोडव. बहुतेक जण आधी पाय सोडवायला जातात आणि तेवढ्यात मान जाते.

---

फतेहगंज_साउथपॉ

आणि माझ्यासाठी एक काम कर. ते पटासाठी वाकले की दर वेळी नुसता अडवू नकोस, एखाद्या वेळी हलका अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) दाखव. मारू नकोस, दाखव. पुढच्या वेळी ते किती लांबून शिरतात ते बघ आणि इथे लिही. मग काका आणि मी पुन्हा भांडू.

---

मांजलपूरचा_पठ्ठा

तिन्ही करून बघतो. आधी पाय सोडवून लांब होणं, कारण सगळं एकदम केलं तर काहीच होणार नाही. शुक्रवारी लिहितो. काका, फिचची लढत आत्ता लावली आहे, दुसरा राउंड चालू आहे. बिचारा खरंच दर वेळी पालथा होतोय.